कोयता, उचल, खाडा : ऊसतोडीच्या बोलीत माणूस कुठे आहे?

बालाघाट

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातले वाडी-तांडे ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडे तेच. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये ज्वारीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही पोरं आणि वर माणसं. बहुतेक पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. माझ्या आईवडिलांनी अर्धं आयुष्य तोडीत काढलं, चुलते अजून जातात. या धंद्यातले शब्द कळायला लागल्यापासून कानावर आहेत. कोणाच्या हातात पैसा आणि कोणाच्या मानेवर जू, हे मुकादमाच्या (मजूर जमवून टोळी नेणाऱ्या मध्यस्थाच्या) वहीत दिसतं तितकंच या शब्दांत दिसतं, म्हणून धागा काढतोय.

सगळ्यात आधी कोयता. मुकादम विचारतो, 'यंदा गावातून किती कोयते निघतील?' म्हणजे माणसं किती असं तो विचारत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो, करार झालाच तर नवऱ्याच्या नावावर होतो. बाई पहाटे चारला फडात उभी असते, ऊस तोडते, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पण वहीत ती कोयत्याची अर्धी बाजू. नवरा वारला आणि बाई एकटीच निघाली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. आमच्या गल्लीत एका काकूंना सगळा गाव असाच ओळखायचा. पुढे त्यांचा मुलगा शिकून नोकरीला लागला तरी जुनी माणसं 'अर्ध्या कोयत्याचा पोरगा' म्हणायची. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, आणि मला तेच जास्त लागतं.

दुसरा उचल. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, त्यातून लग्न, दवाखाना, आधीचं देणं भागतं. मग सहा महिने ते पैसे अंगमेहनतीने फेडायचे. फिटले नाहीत तर 'अंगावर राहिले' म्हणतात आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. उचल घेतली म्हटलं की वाटतं, यानेच हात पुढे करून घेतली, आता फेडायचं ओझं याचंच. दुसरी बाजू कोणी बोलत नाही. कारखान्याला हंगाम सुरू व्हायच्या दिवशी माणसं तयार पाहिजेत, म्हणून तो आगाऊ पैसा सोडतो. गरज दोघांची, ऋणी मात्र एकच.

तिसरा खाडा. शाळेत आपण गैरहजेरीला खाडा म्हणतो. तोडीत खाडा म्हणजे दंड. ताप आला, पोरगं आजारी पडलं, पाळीमुळे उभं राहवेना, एक दिवस कोयता बंद राहिला की खाडा लागतो. पाचशे-हजार रुपये त्या दिवसाचे वहीत उलटे चढतात. या धंद्यात रजा हा शब्दच नाही.

आता कारखाना अडचणीत आला की काय म्हणतात बघा. आजारी कारखाना. सरकारी कागदातही हाच शब्द आहे. मग त्याच्यासाठी थकहमी, कर्जाचं पुनर्गठन, भागभांडवल. २०१५ साली ऊसबिलं थकली तेव्हा केंद्राने देशभरातल्या कारखान्यांसाठी ६,००० कोटींचं बिनव्याजी कर्ज मंजूर केलं. ते शेतकऱ्याला पैसे मिळावेत म्हणून होतं, माझा त्याला विरोध नाही. पण यंत्रांच्या कारखान्याला आजारी म्हणून सांभाळून घेतात आणि तापाने फणफणलेल्या बाईला खाडा लावतात, हे एकाच धंद्यात, एकाच हंगामात, एकाच कुंपणाच्या आत-बाहेर घडतं.

तुमच्या भागात, तुमच्या धंद्यात असे शब्द असतील तर लिहा. शिव्या नकोत, त्या सगळ्यांना माहीत आहेत. जे शब्द कोणाला खटकतच नाहीत ते हवेत.

कृष्णाकाठ

धागा वाचला. तळमळ पोचली, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. मी सांगली जिल्ह्यातला ऊसवाला. 'ऊसवाला' म्हटलं की लोकांना बंगला आणि जीप दिसते. माझा ऊस दीड एकर.

आमच्याकडे चालणारा शब्द म्हणजे खुशाली. तोड आली की टोळीला एकरी पैसे द्यायचे, वर ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला एन्ट्री. नाव खुशाली, पण खुशीने कोण देतं? ऊस चौदा-पंधरा महिन्यांचा झालेला असतो, तुरा आलेला असतो, रोज वजन घटतंय, अशा वेळी मागतील ते द्यावं लागतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च तर आमच्या एफआरपीतून (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) आधीच कापलेला असतो. म्हणजे तोडीचे पैसे आम्ही दोनदा देतो.

दुसरं, मुकादमांनी वाहनमालकांना घातलेला गंडा. आमच्या गावातल्या एका पोराने ट्रॅक्टरवर कर्ज काढलं, टोळी आणायला मुकादमाच्या हातात लाखो रुपये दिले आणि हंगामाला एकही माणूस आला नाही. मुकादमाचा फोन बंद. असे गुन्हे पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत दर वर्षी नोंदले जातात. त्या पोराने जमीन विकली.

बालाघाट

कृष्णाकाठ, हे सगळं खरं आहे आणि धाग्यात असायला हवं. मुकादम दोन्हीकडून खातो. वाहनमालकाकडून दहा जोड्यांची उचल घेतो आणि सहा जोड्यांना वाटतो, हे आमच्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे.

फक्त एक बघा. असं झालं की तुमच्या भागात बोलतात काय? 'बीडवाल्यांनी फसवलं.' मुकादम एक माणूस, त्याचं नाव-गाव माहीत असतं, पण बोल लागतो अख्ख्या जिल्ह्याला. पुढच्या वर्षी दुसरीच टोळी येते, त्यांना पहिल्या दिवशीपासून चोरासारखं बघतात, कोप्या (झोपड्या) घालायला पाण्यापासून लांबची जागा देतात. याउलट एखाद्या कारखान्याने शेतकऱ्याचे पैसे थकवले तर 'अमुक जिल्ह्याने फसवलं' असं कोणी म्हणत नाही. तिथे संचालक मंडळ असतं, साखरेचे पडलेले भाव असतात.

दफ्तर

महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. 'न खटकणारे शब्द' म्हणालात म्हणून लिहितो, कारण आमच्या खात्यात ते शिक्का मारून वापरले जातात.

गावकामगारांची वतनं, म्हणजे पिढीजात गावकाम आणि त्याबदल्यात मिळालेली जमीन, रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. त्याचं नाव आहे 'मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याबाबत अधिनियम'. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांसाठी वेगळे कायदे, त्यांत कनिष्ठ शब्द नाही. महार वतनासारख्या सेवा-वतनांसाठी मात्र नावातच 'कनिष्ठ'. गुलामी मोडायला केलेला कायदा, डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं, म्हणजे तीस वर्षांची लढाई त्यामागे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या विधिमंडळाने कायद्याच्या मथळ्यात तोच उतरंडीचा शब्द ठेवला.

त्याहून पुढची गोष्ट. त्या जमिनी मूळ वतनदारांना परत दिल्या त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर नोंद झाली 'भोगवटादार वर्ग-२'. परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर सरकारला नजराणा (ठरावीक रक्कम) भरायचा. अशी अट घालण्यामागे गरिबाची जमीन कोणी लुबाडू नये हा विचार होता आणि तो पुष्कळ ठिकाणी उपयोगीही पडला. पण बँकेत कर्जाला गेलेल्या माणसाला साहेब विचारतो, 'जमीन वर्ग-२ची आहे का?' आणि त्या विचारण्यात जमिनीचा वर्ग आणि माणसाचा वर्ग वेगळा राहत नाही. मी हे टेबलाच्या अलीकडून-पलीकडून, दोन्हीकडून पाहिलं आहे.

डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यावीत. पाट्या बदलल्या. पण गावात पत्ता विचारलात तर पाटीवरचं नाव सांगतील की जुनं, ते तुम्हीच पाहा.

अर्धविराम

शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. दफ्तरसाहेब, तुम्ही माझं म्हणणं सिद्ध करून दिलंत.

मला ही शब्दांची चिकित्सा धोक्याची वाटते. सत्तेला शब्द बदलणं फार आवडतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. झाडूवाल्याला सफाई कामगार केलं, मग स्वच्छतादूत केलं. दूत झाला तरी ठेकेदाराच्याच हजेरीवर. माणसाला हाताने मैला काढायला लावण्यावर १९९३मध्ये बंदी आली, २०१३मध्ये आणखी कडक कायदा आला, तरी सेप्टिक टाकीत गुदमरून माणसं मरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'दुर्दैवी मृत्यू' छापून येतं. उद्या कोयत्याला 'श्रमसाथी' म्हणतील. उचलीला 'हंगामपूर्व साहाय्य' म्हणतील. खाड्याला 'अनुपस्थिती समायोजन' म्हणतील. चालेल का तुम्हाला?

निदान 'खाडा' म्हटल्यावर बोचतं तरी. बोचणारा शब्द जाऊन गुळगुळीत शब्द आला की राग यायचाही बंद होतो. म्हणून मी म्हणतो, शब्द राहू द्या, दर वाढवा.

खाडीपलीकडे

अर्धविराम, तुमचा राग बरोबर, पण 'शब्द राहू द्या' एवढ्यावर थांबता येत नाही. आमच्या कोकणातलं सांगते.

खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार, आणि कूळ. जमीन कसायची कुळाने, अर्धा वाटा खोताचा, त्याला अर्धेली म्हणायचे. वर खोताच्या घरी फुकट राबणं, कोंबड्या, भाजीपाला. चरीचा संप १९३३ला सुरू झाला तो १९३९पर्यंत चालला. अलिबाग तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी पडीक ठेवल्या, लाकडं तोडून, मासे-खेकडे धरून पोट भरलं, पण खोताचं शेत कसलं नाही. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मग १९४८चा कूळ कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', त्या दिवसापासून कूळ मालक मानलं गेलं.

माझ्या आजीसाठी 'कूळ' म्हणजे मान खाली घालायचा शब्द. खोताच्या अंगणात तिचे सासरे उभ्याने बोलायचे. माझ्या वडिलांच्या तोंडी तोच शब्द हक्काचा होता, 'आम्ही कूळ आहोत, नाव लागलंय आमचं.' अक्षर न अक्षर तेच. मधल्या काळात संप झाला, कायदा झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं, आणि ज्यांची नावं कागदावर नव्हती ती कुळं बेदखल झाली, हेही झालं. म्हणजे नाव कुठे लिहिलंय यावर सगळं अडलेलं होतं. बालाघाट सांगताहेत त्या कोयत्यातली बाई नेमकी तिथेच अडली आहे.

मांडवी

गोव्यातली भर. आमच्याकडे भाटकार आणि मुंडकार. भाट म्हणजे माडांची-काजूची बाग. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. राखण करायची, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहायचं, भाटकाराच्या घरी लग्न-मर्तिक असलं की राबायचं. घर डोक्यावर असेपर्यंत तोंड बंद. १९७५च्या मुंडकार कायद्याने घरातून काढण्याला आळा घातला आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. दावे अजून मामलेदाराकडे पडून आहेत.

गंमत नाही, गंभीरपणे सांगतो : साहेबाला 'पात्रांव' म्हणायची सवय पोर्तुगीज जाऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेली नाही. भाटकार गेला, पात्रांव राहिला. आता तो बिल्डरसाठी वापरतात.

ओवी

इथे कोयत्यातली बाई हा विषय निघाला म्हणून लिहिते. मी आरोग्याच्या कामात आहे, मराठवाड्यात.

एक शब्द राहिला आहे, पिशवी. 'पिशवी काढली' असं बायका एकमेकींना किती सहज सांगतात, ऐकून अंगावर काटा येतो. तीस-पस्तिशीतल्या बायका. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा जणींमागे एक.

का, तर पांढरं जातं, पोट दुखतं, अंगावरून जास्त जातं. फडात पाणी नाही, आडोसा नाही, तोच कपडा दिवसभर, वर डोक्यावर मोळ्या. दवाखान्यात सांगतात, 'पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.' पिशवीच ती. खराब झाली की टाकायची. गर्भाशय हा शरीराचा अवयव आहे, तो काढल्यावर हाडं ठिसूळ होऊ शकतात, अंडाशयंही काढली असतील तर पाळी बंद होण्याचे सगळे त्रास तिशीतच सुरू होतात, हे पिशवी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतच नाही. आणि मग ती बाई म्हणते, 'बरं झालं, खाडा तरी पडत नाही आता.' ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतून.

अर्धविराम, तुमचं बोचण्याबद्दलचं म्हणणं मला पटलं, पण हे शब्द कोणाला बोचतात? आपल्याला, इथे बसून. त्या बायकांना बोचत नाहीत, कारण त्यांना दुसरा शब्द कोणी दिलेलाच नाही. गेल्या वर्षी आम्ही एका तांड्यावर बायकांना शरीराचं चित्र दाखवून एकेक अवयव समजावला. एक आजी शांतपणे म्हणाल्या, 'असं हाये व्हय. आमाला वाटलं ही नुसती पोरं ठिवायची पिसवी.' त्यानंतर तिथल्या दोघी ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला आल्या. शब्दाचा एवढा उपयोग मी पाहिलाय.

नवी_मुंबई_७०६

वाचून सुन्न झालो. माझं लहानसं निरीक्षण : आयटीत आम्हाला 'रिसोर्स' म्हणतात. 'दोन रिसोर्स सोडा', 'रिसोर्स बेंचवर आहे', 'अर्धा रिसोर्स द्या' हेसुद्धा म्हणतात, म्हणजे अर्धा वेळ. अर्धा कोयता वाचलं आणि एकदम तेच आठवलं.

अर्धविराम

रिसोर्सला नेमणूकपत्र असतं, भविष्य निर्वाह निधी असतो, आजारपणाची रजा असते. दोन्ही एका रांगेत नका बसवू.

नवी_मुंबई_७०६

एका रांगेत बसवत नाही. मोजायची पद्धत सारखी आहे एवढंच म्हणायचं होतं.

भवानी_पेठ

अर्धविराम आणि ओवी, दोघांच्या मधलं एक उदाहरण आमच्या पुण्यात आहे.

हमाल. हा शब्द लोक अजून हेटाळणीने वापरतात, 'नुसती हमाली केली' म्हणतात. पण बाबा आढावांनी १९५०च्या दशकात मार्केटमधल्या हमालांची संघटना बांधली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'हमाल पंचायत'. सोज्वळ नाव शोधलं नाही. पुढे हमालांच्या घरांची वसाहत झाली, 'कष्टाची भाकर' उभी राहिली, तिथे आजही कमी पैशात जेवण मिळतं. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं आणि १९६९चा माथाडी कायदा आला. त्या कायद्याने मंडळ झालं. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळाने नोंदणी झालेल्या माणसाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यायची. ज्या कामाला मालक कोण हेच सांगता येत नव्हतं, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर, त्या कामाला कायद्याने मालक शोधून दिला.

ऊसतोडीत नेमकी हीच अडचण आहे. कारखान्याला विचारा, तो म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादमाला विचारा, तो म्हणतो मी पण कमिशनवालाच. कारखान्याच्या ताळेबंदात 'तोडणी-वाहतूक यंत्रणा' असा शब्द असतो. यंत्रणा म्हटलं की मालकाची जबाबदारी संपते. ऊसतोडीला माथाडीच्या धर्तीवर कायदा का झाला नाही हा प्रश्न विचारायला पाहिजे, आणि विचारताना 'साखरसम्राट' हा शब्दही आपण किती कौतुकाने वापरतो ते पाहायला पाहिजे. सहकारातला अध्यक्ष सम्राट कसा? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला तेव्हा शेतकरी सभासद हा मालक होता. मालकांच्या संस्थेत सम्राट निघतो आणि आपण वर्तमानपत्रात तो शब्द मथळ्याला देतो.

ओवी

+१. आणि शहरातलं एक. आम्ही घरकामाला येणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो, 'अगदी घरच्यासारखी आहे' म्हणतो. घरच्यासारखी म्हणून शिळं देतो, घरच्यासारखी म्हणून पाहुणे आले की जास्तीचं काम, घरच्यासारखी म्हणून सुट्टीचे पैसे कापायचे की नाही हे आपल्या मर्जीवर. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मावशीची तिथे नोंदणी झालीय का, हे किती घरांत विचारलं जातं? नात्याचा शब्द वापरू नका असं मी म्हणणार नाही, आमच्या घरी येणाऱ्या मावशींना मी मावशीच म्हणते. पण नातं आपण जोडायचं आणि त्याच्या अटीही आपणच ठरवायच्या, हे बरं नाही.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं. भवानी_पेठ यांचा मुद्दा आमच्याही फायद्याचा आहे. मजुरी थेट मंडळातून गेली तर खुशाली मागायचं कारण उरत नाही आणि मुकादमाला लाखो रुपये रोख देऊन कोणी बुडणार नाही.

पण एक सांगतो, वेळ कमी आहे. हार्वेस्टर येतोय. सरकारने २०२३मध्ये त्याला ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं, कारण दिलं मजूरटंचाई. आमच्याकडे तुकडे लहान, सरी अरुंद, त्यामुळे अजून कोयताच लागतो, पण यंत्राला चालणारी पाच फुटी सरी वाढतेय. दहा वर्षांनी हा धागा वाचणाऱ्याला कोयता म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल.

आणि बालाघाट, तुमचं वाचून परवा कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती नीट पाहिली. ऊस उत्पादकाचं नाव, गट नंबर, गाडीचा नंबर, तोडणी-वाहतूक ठेकेदाराचं नाव, सगळं आहे. तोडणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

बालाघाट

कृष्णाकाठ, मनापासून आभार. पावतीबद्दल लिहिलंत त्याने सगळ्या चर्चेला जमीन मिळाली.

अर्धविराम, तुमच्याशी माझं भांडण नाही. मला 'श्रमसाथी' नको. कोयता शब्द राहिला तरी चालेल, माझी आई तो अभिमानाने सांगायची, 'आमचा कोयता टोळीत पुढं असायचा.' मला त्या कोयत्यात दोन नावं हवीत. मजुरी कशी जाते बघा. जानेवारी २०२४मध्ये संप-बैठका होऊन ३४ टक्के वाढ मिळाली, टनाला २७३चे ३६६ रुपये झाले, मुकादमाचं कमिशन १९वरून २० टक्के. चांगलं झालं. पण दर टनाला, टन कोयत्याचा, कोयता नवऱ्याच्या नावावर. त्या ३६६मध्ये बाईचे किती, या प्रश्नाला कुठल्याच करारात उत्तर नाही. निम्म्याहून जास्त काम तिचं, पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रीचं पाणी भरणं धरलंच नाही तरी. तिचा पैसा तिच्या खात्यावर आला असता तर ओवींनी सांगितलेलं ऑपरेशन तिने स्वतःच्या मर्जीने केलं असतं किंवा नाकारलं असतं.

उचलीबद्दल कायद्यातलं एक सांगतो. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात 'अग्रिम' घेऊन त्याच्या बदल्यात राबायला बांधून घेणं याची व्याख्या आहे, आणि अशा बांधलेल्या माणसाचं ते कर्ज कायद्यानेच संपतं. म्हणजे आपण ज्याला उचल म्हणतो त्याला कायद्याकडे वेगळा शब्द आहे. हंगाम संपेपर्यंत घरी जाऊ न देणं, पोरांना कोपीवर अडकवून ठेवणं, 'आधी पैसे टाक' म्हणणं, हे पाहिलेल्या प्रत्येकाने तो कायदा वाचावा. आमच्या भागात मात्र 'वेठबिगार' म्हटलेलं माणसांना आवडत नाही. माझे चुलते म्हणाले, 'आम्ही काय कोणाचे गुलाम न्हाई, उचल घेतलीया.' त्यांचा स्वाभिमान मला कळतो. तो शब्द त्यांच्या तोंडी घालायचा हक्क मला नाही. पण तहसीलदाराच्या अर्जात तो लिहायला हवा, तिथे 'उचल' लिहिलं तर तो घरगुती देण्याघेण्याचा वाद समजून परत पाठवतात.

आता कामाचं. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याचं काम शासनाने ग्रामसेवकाकडे दिलं आहे, सलग तीन वर्षं किंवा जास्त तोडीला जाणाऱ्यांची नोंद होते. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आहे, म्हणजे पोरं कोपीवर न नेता गावात ठेवता येतात. इथे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातले जे कोणी असतील त्यांनी आपापल्या गावात बघा. नोंद करताना नवरा आणि बायको दोघांचीही नावं वेगवेगळी लिहायला सांगा, अर्धा कोयता म्हणून जाणाऱ्या बायकांची आधी. ग्रामसेवक 'घरातल्या कर्त्याचं एक नाव पुरे' म्हणाला तर ऐकू नका.

ओवी, तांड्यावर वापरलेली ती चित्रं पाठवता येतील का? आमच्या गावातून निघणाऱ्या टोळ्यांच्या बायकांना निघायच्या आधी दाखवायची आहेत. दफ्तर, तुमच्याकडे अर्जाचा मसुदा असेल तर इथेच टाका, व्यनिपेक्षा (खासगी निरोपापेक्षा) सगळ्यांना उपयोग होईल.

दफ्तर

मसुदा दोन दिवसांत टाकतो. वेठबिगारीच्या अर्जात चार गोष्टी ठळक लिहायच्या : अग्रिम किती आणि कोणाकडून घेतला, काम सोडून जाण्यापासून कोणी व कसं अडवलं, कुटुंबातली कोण कोण तिथे आहेत (लहान मुलांच्या वयासह), आणि सध्या ती नेमकी कुठे आहेत. या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार आहेत, अर्ज त्यांच्या नावे करा आणि आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खाडीपलीकडे

माझी एक शंका. कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्यांचं कसं? तिथे अडवून ठेवलं तर अर्ज बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा की तिकडच्या? आणि तिथे कानडीत कोयत्याला काय म्हणतात, तिथेही जोडीलाच एक मोजतात का? बेळगावकडचं कोणी इथे असेल तर सांगा.